जोयाची काडी

मंगळवार संध्याकाळ, जानकीपुरम

उद्या प्रिन्सिपल मॅडम माझ्या पाचवीच्या गणिताच्या तासाला मागे बसणार आहेत, आणि माझं डोकं एका काडीत अडकलंय.

स्टीलच्या ग्लासात प्रत्येक मुलाच्या नावाची कुल्फीची काडी असते. न बघता एक काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने उत्तर द्यायचं. नाहीतर पुढच्या बाकावरचेच सारखे बोलतात. जोया अडखळत बोलते, मुलं हसतात, म्हणून तिची काडी मीच गुपचूप काढून ठेवली होती. तिला कळणार नाही असं का वाटलं मला?

आज ग्लास घरी आणून आवरत होते, तर त्यात नवी काडी. जांभळ्या स्केचपेनने, तिच्याच अक्षरात: जोया.

हे म्हणाले, "उद्यापुरती काढून ठेव." लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, उसने खुद डाली है ना?"

काडी परत ग्लासात टाकलीय. पण बाकीच्या अरुंद आहेत आणि हिची आइस्क्रीमची, चांगली रुंद. डोळे मिटून हात घातला तरी बोटांना कळते, आत्ताच करून पाहिलं. म्हणजे उद्या नशिबावर ढकलायचीही सोय नाही.