दोन सेकंद मागे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा, तो जन्मापासूनचा वैरी, धरलाय, तेव्हा मनातल्या मनातच घातला.) तुझं पत्र पोचलं. भावजींचा खोकला कसा आहे? मी ठीक, झोप सोडून.

तू विचारतेस, आकाशाकडे बघायचा पगार कोण देतं? अगं, आम्ही आकाशाकडे बघतच नाही, आकड्यांकडे बघतो. एकाच ढगातून जन्मलेले तारे पुढे पांगतात, परक्यांच्या गर्दीत मिसळतात. पण वेग आणि दिशा बरीचशी सारखीच राहते (आपल्या घराण्यात नाक राहिलं तसं). त्या चालीवरून भावंडं हुडकायची. मात्र आपणही चालत असतो, म्हणून आधी स्वतःची चाल वजा करायची, हा पहिला धडा.

त्यासाठी मी प्रोग्राम लिहिला आणि अवदसा आठवली म्हणून आधी ऑफिसातल्या माणसांवर चालवून पाहिला. इथली दारं कार्डाने उघडतात, प्रत्येकाची वेळ यंत्रात पडते, म्हणजे आयते तारेच! निकाल भर मीटिंगमध्ये पडद्यावर लावला. पहिलीच जोडी निघाली साहेब आणि ग्रंथपालबाई. हसू कुणाला आवरेना, साहेब सोडून. माझी बढती तिथेच बारगळली.

दुसरी जोडी माझी होती. मी तर सदा एकटा! पण प्रत्येक दारात माझ्या नोंदीमागे दोन सेकंदांनी आणखी एक नोंद, कार्डाच्या नंबराच्या जागी कोरं. स्वतःला वजा करायला विसरलो असेन म्हणून माझ्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. ती दुसरी चाल तशीच राहिली, मी आता पुसला गेलेल्या दारांमधून एकटीच फिरत.

रखवालदाराला सहज विचारलं, तर तो चहा ढवळत म्हणाला, “तुमचे भाऊ ना? ते पण डावा पाय जरा ओढतात की.” ताई, मला भीती वाटते, सरळ सांगतो. हल्ली दार उघडलं की मी तीन सेकंद ते धरून ठेवतो. कुणाच्या अंगावर आपटायला नको.

भावजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. गुडघ्याचं तेल पाठव.

ता. क. दुसरा: तेल राहू दे. आई असताना विचारायचं राहून गेलं. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, तुला आठवत असेल. मी जन्मलो तेव्हा एकटाच होतो ना?

ता. क. तिसरा: तुझं पत्र पुन्हा वाचलं. शेवटी लिहिलंयस, ‘दोघं सांभाळून राहा.’ माझं लग्न जमत नाही म्हणून तूच रडतेस. मग ताई, दोघं कोण?