कडेची मोहरी

४ मार्च
आले एकदाची! गल्लीच्या अगदी कडेचं घर, दोन खोल्या आणि मागे चक्क भाजीचे वाफे. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली, निवृत्तीनंतर माझाच फोन मुका. इथे मात्र सामान उतरतंय तोच शेजारच्या नर्सबाई गरम जेवण घेऊन हजर. कुंपणावरूनच दिलं, आत काही आल्या नाहीत. पोटभर जेवले आणि थोडी रडले.

९ मार्च
कोबीवर मावा पडलाय. पान उलटलं की खाली बारीक हिरव्या किड्यांची दाटी. साबणाचं पाणी फवारलं, अळ्या हाताने वेचल्या, तरी पुन्हा येरे माझ्या मागल्या. बाकी गल्लीत मात्र कीड औषधालाही नाही. नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वाफ्याच्या कडेला मोहरी लावायची. तिला खत-पाणी भरपूर, फवारणी मात्र अजिबात नाही. कीड कोवळ्या मोहरीवर जाते, कोबी वाचतो. मोहरी किडीने पुरती भरली की उपटायची आणि जाळून टाकायची. मी म्हटलं, बिचारी मोहरी! तर हसून म्हणाल्या, तोवर तिचे लाड काय थोडे होतात का.

१७ मार्च
रोज कोणाचा ना कोणाचा डबा येतो. समोरचे सुतारदादा दूध ठेवून जातात. नर्सबाई कुंपणावरून माझा दंड चाचपतात, म्हणतात, बाई, छान अंग धरलंत हं. आई गेल्यापासून माझी इतकी विचारपूस कोणी केली नव्हती. मोहरी लावायची राहिलीच, तरी कोबीही आता स्वच्छ झालाय. मावा कुठे गेला, देव जाणे.

२२ मार्च
सापडला. वेणी घालताना केसांच्या मुळाशी. कानामागे. धुऊन काढला, दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच.
नर्सबाईंना दाखवलं. वाटलं, दचकतील. त्यांनी नुसतं निरखून पाहिलं आणि अंगाला काही लावू नका, म्हणाल्या. संध्याकाळी माझा फवारणीचा पंप जागेवर नव्हता.

२६ मार्च
खांद्यावर भोकं पडलीत. कोबीच्या पानाला पडतात तशी, कडा कुरतडलेली. दुखत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते.
गल्लीभर फिरून कुंपणांवरून डोकावले. सगळे वाफे हिरवेगार. मोहरी एकाच्याही कडेला नाही.
कडेला फक्त माझं घर आहे.

२८ मार्च
बॅग भरून निघाले होते. सगळे गल्लीच्या तोंडाशी उभे. सुतारदादांनी बॅग हातातून घेतली, अशा तब्येतीत कुठे जाता म्हणाले, घरापर्यंत पोचवली. डबाही दिला. आणि मी मेली तो जेवले. कोणीतरी आठवणीने दिला म्हणून.

३० मार्च
आज डबा नाही. पहिल्यांदाच.
पाठीवर काहीतरी सरकतंय — हात पोचत नाही — घरात कोणी असतं तर निदान पाठ तरी बघितली —

३१ मार्च
फाटक वाजलं. सगळे आत आलेत. आत! नर्सबाई, सुतारदादा, झाडून सगळे. हातात वाळका पाला, काटक्या — दाराशी रचताहेत — कोणी रागावलेलं नाही —
माझ्याकडे एवढी माणसं कधीच — इतके कप आहेत का घरात, हेच आधी मनात —
रॉकेलचा वास.
नर्सबाई हाक मारताहेत, किती मायेने — येते हो — कडी काढ