एक जूनची नोंद

मी पूर्ण शुद्धीवर असून माझी स्मरणशक्ती चांगली आहे, असा दाखला शहाद्याच्या डॉक्टरांनी काल मला तपासून दिला. तो सोबत जोडला आहे. स्मरणशक्तीचे मला दाखल्याशिवायही ठाऊक होते. अडचण तिचीच आहे.

मी, पितांबर भिला पाटील, वय ६८, राहणार लोणखेडा, जामठेक येथील जिल्हा परिषद हायस्कूलचा निवृत्त मराठी शिक्षक आणि एका दैनिकाचा तीस वर्षे तालुका वार्ताहर. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. म्हणून माझ्या मागे काय व्हावे हे कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते फार नीटनेटके होते आणि त्यात खरे असे काहीच नव्हते.

१. लोणखेड्याचे घर आणि तीन एकर शेत माझ्या पश्चात पत्नी सिंधुबाई हिचे. तिच्यानंतर मुलगा अजित आणि मुलगी रुचिका यांना निम्मे निम्मे. अजित म्हणाला होता, "ताईना लगीन मां काय कमी करं का?" केले नव्हते, पण निम्मे म्हणजे निम्मे. अंमलबजावणी रुचिकाने करावी. ती कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. हा गुण तिने माझ्याकडून घेतलेला नाही.

२. घरातली हार्मोनियम माझी नाही. ती शाळेची आहे. २००४ च्या स्नेहसंमेलनानंतर दुरुस्तीसाठी आणली ती राहिली. ती शाळेला परत करावी. तिची एक पट्टी दबलेलीच राहते, हे संगीताच्या बाईंना आधी सांगावे.

३. नाटकाच्या दाढीमिशांची पेटी माझे सहकारी, हिंदीचे शिक्षक रामसिंग गिरासे यांना द्यायची होती. १९९६ च्या स्नेहसंमेलनात माझ्या नाटकाचा शेवटचा प्रवेश चालू असताना त्यांनी पडदा पाडला आणि आजतागायत "दोरी सुटली" असेच सांगतात. तो राग मी या कलमाने सोडतो. पेटी मात्र देता येत नाही, कारण ते या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांनी सांगितले. ती शाळेच्या मुलांना द्यावी.

४. आदर्श शिक्षक पुरस्काराचे मानचिन्ह आणि शाल शाळेत ठेवू नये. माझा फोटो तेथे लावू नये. मैदानावर शोकसभा घेऊ नये. असे का, ते पुढील कलमात आहे.

५. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, सही होताच लागू आहे.

प्रमिलाबाई या आता जामठेकच्या मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी मंगळवारी फोनवर सांगितले की शाळेला एक पत्र आले आहे. एका आश्रमशाळेत मानधनावर क्रीडा मार्गदर्शकाची जागा भरायची आहे आणि सुनिता जालमसिंग वसावे हिचे नाव यादीत पहिले आहे. पण कोणीतरी तक्रारीसोबत वर्तमानपत्राचे जुने कात्रण जोडले आहे. "वय लपवून धावली, जामठेकची खेळाडू बाद." ही तीच मुलगी का, असे निवड समितीने विचारले आहे. मुलगी तीच आहे. बातमी माझी आहे. वय तिने लपवले नव्हते.

झाले ते असे. जून २०१२ मध्ये मी शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक होतो. फुलवंताबाई वसावे मुलीला घेऊन प्रवेशासाठी आल्या. कुटुंब मूळचे नर्मदेच्या धरणात बुडालेल्या मणिबेलीचे, नंतर खाली पुनर्वसन वसाहतीत आलेले. मुलगी वसाहतीच्या शाळेत मधूनच बसायची, दाखला नव्हता. मी जन्मतारीख विचारली. बाई म्हणाल्या, "तारीख काय माहीत, गुरुजी. आमचं घर पाण्यात गेलं ना, त्याच्या दुसऱ्या होळीची ही. मोहूची फुलं पडत होती."

ज्याच्याकडे कागद नाही त्याला एक जून ही जन्मतारीख द्यायची, अशी आमच्याकडची रीत. आमच्या हजेरीपटातल्या अर्ध्या मुलांचा वाढदिवस शाळा उघडण्याच्या आधीच होऊन जातो. दिवस अंदाजाने लिहिला तर कोणाचे बिघडत नाही. वर्ष मात्र विचारून, हिशेब करून लिहायचे असते. मला हिशेबही करावा लागणार नव्हता. त्यांचे घर बुडाल्याची बातमी १९९९ च्या पावसाळ्यात मीच पाठवली होती, मुलीचे वडील जालमसिंग यांच्या नावासकट. म्हणजे मुलगी २००१ च्या होळीची, अकरा वर्षांची, सहावीत बसवायची. हे मला टेबलापलीकडे बसल्या बसल्या कळले होते.

पण आठवीच्या पटाला एक नाव कमी पडत होते. ते भरले नाही तर एक पद अतिरिक्त ठरणार होते. ते पद मराठीचे, म्हणजे माझे. निवृत्तीला तीन वर्षे राहिली असता मला धडगावच्या डोंगरात जावे लागले असते. मी जनरल रजिस्टरमध्ये लिहिले, १ जून १९९९, आणि तिला आठवीत बसवले. फुलवंताबाईंनी अंगठा दिला आणि मला हात जोडले.

सुनिता गणितात कायम मागे राहिली. वर्गात मी तिला "डोकं घरी ठेवून येतेस का?" असे विचारत असे. सहावीची मुलगी आठवीचे गणित कसे करील, हे त्या वर्गात मला एकट्याला माहीत होते. धावण्यात मात्र तिला कोणी गाठत नसे. खांडबाऱ्याचे चंदन गावित तेव्हा आमच्याकडे मानधनावर क्रीडाशिक्षक होते. ते म्हणत, "सर, ही पोरगी वळणावर वेग वाढवते. हे शिकवून येत नाही."

सप्टेंबर २०१३ मध्ये जिल्हा स्पर्धा झाल्या. चंदनने तिला वय विचारले, आईने सांगितलेले तिने सांगितले, त्यांनी चौदा वर्षांखालील गटाचा अर्ज भरला. रजिस्टर न पाहता मी सही केली. ती सहाशे मीटर अनवाणी धावली. माझ्या स्टॉपवॉचमध्ये एक मिनिट सत्तेचाळीस सेकंद लागले. दुसरी मुलगी बरीच मागे होती. सुनिताच्या गळ्यात पदक पडले आणि पाच मिनिटांत एका शाळेने हरकत घेतली. रजिस्टरचा उतारा मागवला. त्याप्रमाणे चौदा वर्षे उलटून गेलेली.

अधिकाऱ्यांनी मला विचारले, "सर, ही जन्मतारीख बरोबर आहे का?"

सुनिता माझ्या शेजारी उभी होती. "सर, आई सांगते ते तुम्ही ऐकलंय. सांगा ना."

मी म्हणालो, "रजिस्टरप्रमाणे बरोबर आहे."

तिने पदक स्वतःच काढले. दोरी वेणीत अडकली होती, ती चंदनने सोडवली. चंदन मला म्हणाले, "सर, पोरगी बारा वर्षांची आहे, हे आंधळ्यालाही दिसतं." मी घड्याळ पाहिले. सहा वाजेच्या आत बातमी द्यायची होती. दिली. "वय लपवून" हे दोन शब्द घातले नसते तर दोष कोणाचा असा प्रश्न उरला असता. मग मी शाळा समितीला अहवाल दिला की अर्ज क्रीडाशिक्षकाने भरला. चंदनचे मानधन त्या महिन्यात बंद झाले. सुनिता दिवाळीनंतर शाळेत आली नाही. दुसऱ्या वर्षी मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याचीही बातमी मीच पाठवली.

बातमी वेळेत देण्यात मी कधी चुकलो नाही. हा खुलासा साडेबारा वर्षे उशिरा देत आहे.

आधी मी हे सगळे बंद पाकिटात, मृत्यूनंतर उघडावे म्हणून लिहिले होते. सिंधुबाईने विचारले, "काय लिखी ऱ्हायनात इतलं?" मी वाचून दाखवले. ती वाती वळत होती. म्हणाली, "मरी गयावर सांगशात? आनि तवपर्यंत ती पोरनी काय करानं? नोकरी काय थांबी ऱ्हाई का तुम्हना करता?" त्या दिवशी ती माझ्याशी एवढेच बोलली. तिला गेली साडेबारा वर्षे मी सांगत आलो होतो की चंदनने घोळ केला.

प्रमिलाबाईंनी सुनितालाही फोन केला. ती फक्त एवढे म्हणाली, "सर जिवंत आहेत ना? मग कागद नको. त्यांनीच यावं."

म्हणून असे ठरवले आहे. सुनिताची नोंद चुकीची नाही, खोटी आहे, आणि ती मी जाणूनबुजून केली, असे प्रतिज्ञापत्र आज केले आहे. १९९९ चे कात्रण माझ्या वहीतून काढून सोबत लावले आहे. जन्मनोंद दुरुस्त करण्याची फाईल प्रमिलाबाई पाठवतील. या होळीला सुनिताला पंचवीस पूर्ण झाली. खुलासा माझ्या नावाने दैनिकाकडे पाठवला आहे. छापतील की नाही, सांगता येत नाही.

६. स्टॉपवॉच चंदन गावित यांना द्यावे. त्यांनी ते घेतलेच पाहिजे असे नाही.

७. शाळेच्या सभागृहातल्या विक्रम फलकावर मुलींच्या सहाशे मीटरची ओळ मी रंगाऱ्याकडून कोरी ठेवून घेतली होती. त्या ओळीत काय लिहायचे, हे सुनिताला विचारून लिहावे. तिने नको म्हटले तर कोरीच राहू द्यावी.

८. माफीबद्दल या दस्तऐवजात कलम नाही. ती माझ्या मालकीची नसल्याने कोणाच्या नावे करता येत नाही, मागण्याचा हक्कही सांगता येत नाही.

सोमवार, १६ मार्च रोजी सकाळी अकरा वाजता नंदुरबारला निवड समितीपुढे सुनावणी आहे. सुनिता येणार आहे, आई सोबत असेल. चंदन खांडबाऱ्याहून रेल्वेने येतील, असे प्रमिलाबाईंना कळले आहे. रजिस्टर टेबलावर असेल आणि समिती मला विचारील, ही जन्मतारीख बरोबर आहे का. तोच प्रश्न, त्याच मुलीसमोर, दुसऱ्यांदा.

ठिकाण : लोणखेडा, ता. शहादा, जि. नंदुरबार
दिनांक : १२ मार्च २०२६, गुरुवार

(सही) पितांबर भिला पाटील

साक्षीदार
१. (सही) गुलाबबाई पावरा, निवृत्त अंगणवाडी सेविका, शेजारी. यांनी माझ्यासमोर सही केली.
२. (सही) रामसिंग गिरासे, निवृत्त शिक्षक. यांनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत आहेत. दोरी खरेच सुटली होती. सोमवारी सकाळी आठला मी गाडी घेऊन यांच्या दारात उभा राहणार आहे.