खिडकीची माहिती

परभणी, फेब्रुवारी १९९४

सुलाअक्का, जयभीम.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुला वाचून दाखवणार तुझा लेक, आणि म्हणणार, "मामा या वयात कशाला भांडायलेत?"

इथलं जुनं नाट्यगृह दुरुस्त झालंय. आज तिथं गाण्याचा कार्यक्रम होता, त्याआधी सगळ्यांना आतून फिरवून दाखवलं. मागच्या भिंतीतल्या खिडकीला रंगीत काच बसवलीय, लय देखणी. माहिती सांगणारी पोरगी म्हणाली, "ही हवेसाठी होती."

मी म्हणालो, "बाई, आमच्यासाठी होती. आम्हाला आत बंदी. बाहेर दगडावर दगड रचून आम्ही भाऊबहीण इथून नाटकं ऐकायचो. त्यातली पदं मला शाळेतल्या कवितांसारखी अजून पाठ आहेत."

नाट्यगृहाचे अध्यक्ष हसले. "गुरुजी, झालं ना विद्यापीठाचं नामांतर? आता कशाला जुनं उकरता?"

"जुनं तर तुमीच रंगवून दाखवायलात. मग एवढंच का झाकता?"

पुढची मंडळी आली तेव्हा त्या पोरीनं खिडकीपाशी थांबून आपल्या दोघांचं सगळं सांगितलं. अध्यक्ष मोठ्यानं खोकले. ती थांबली नाही.

उद्या पुन्हा तिकीट काढून जाणार आहे, अक्का. तिला कुणी गप्प केलं, तर मी सांगीन.

तुझा धाकटा,
सटवाजी