विसाव्याची खोली

४ मार्च, सोमवार
आज रुजू झाले. बारा वर्षं वॉर्डात पायांचे तुकडे पडेपर्यंत उभी राहिले, आता पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालंय, तेही खिडकीजवळ. खुर्ची कुरकुरते. यापुढे कुरकुर तिनेच करायची, मी नाही, असं ठरवून टाकलंय. कपाटात सलाईन लावण्याच्या सरावासाठी आठ रबरी हात आणि एक बाहुला, त्याला कुणीतरी पेनने मिशा काढल्यात. काम माझ्या आवडीचं: नव्या नर्सना शिकवायचं आणि शिकवून झाल्यावर त्या टिकतील असं बघायचं. दुसरं जास्त अवघड. जुन्या रुग्णालयात वर्षभरात निम्म्या मुली सोडून जायच्या. इथे सहा वर्षांत एकही राजीनामा नाही, असं मेट्रनबाई म्हणाल्या. मला थट्टा वाटली, मी हसले. त्या हसल्या नाहीत. चहा मात्र स्वतः घेऊन आल्या.

७ मार्च
नव्या तुकडीत अकरा जणी. त्यातली एक इतकी बोलते की दुपारपर्यंत सगळे तिला चिमणी म्हणायला लागले. इंजेक्शन देताना पेशंटला आपल्या आईचे किस्से सांगते. सुई कधी गेली ते त्याला कळतही नाही. हे शिकवून येत नाही. जुन्या नर्स मात्र अगदी गप्प. काम चोख, चेहरे शांत, कुणाचं कुणाशी वाजत नाही. न भांडणारा वॉर्ड मी बारा वर्षांत पाहिलेला नाही.

१२ मार्च
एकही राजीनामा का नाही, ते आज मेट्रनबाईंनी दाखवलं. तळमजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या कोठीला लागून एक खोली आहे. दारावर ‘विसावा’ लिहिलंय. जिला काम झेपेनासं होईल तिला मी चिठ्ठी द्यायची, तिने दुपारी तासभर तिथे बसायचं. आत एक मावशी असतात, निवृत्त नर्स. काय जड झालंय एवढंच विचारतात आणि ऐकून घेतात. मला फार बरं वाटलं. आमची कोण एवढी विचारपूस करायचं? मावशींना भेटू का म्हटलं, तर बाई म्हणाल्या, जड काही असेल तेव्हाच भेटायचं.

१५ मार्च
चिमणीच्या हातात आज पहिला पेशंट दगावला. सात वर्षांची मुलगी. कोठीत चादरींच्या ढिगात तोंड खुपसून चिमणी रडत होती. मला आईकडे जायचंय, एवढंच म्हणत होती. मी पाठीवरून हात फिरवला आणि चिठ्ठी लिहून दिली.

१६ मार्च
चिमणी ताजीतवानी. सगळ्यांच्या आधी हजर, सलग दोन ड्यूट्या. किस्से नाहीत. बरं वाटतंय का विचारलं तर म्हणाली, "हो ताई. काहीच जड नाही."
दुपारी एका जुन्या नर्सला सहज विचारलं, घरी कोणकोण असतं? तिने बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाली, "काहीच जड नाही."

२० मार्च
चिमणीची आई फाटकाशी उभी होती. पाच दिवस मुलगी घरी नाही, फोन उचलत नाही. हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी. मी तिला वॉर्डात घेऊन गेले. चिमणीने वर पाहिलं, छान हसली आणि म्हणाली, "भेटायची वेळ चार ते सहा. तुम्ही कुठल्या पेशंटच्या नातेवाईक?"
आई आधी हसली. ही पहिल्यापासून अशीच चेष्टेखोर, असं मला सांगू लागली. मग तिने मुलीचा हात धरला. चिमणीने तो हळूच सोडवला आणि उलट आईचीच नाडी बघितली.
"थोडी वाढलीय. बसा, काकू."

२१ मार्च
जुन्या चिठ्ठ्यांची फाईल काढली. जितक्या जुन्या नर्स, तितक्या चिठ्ठ्या. शेवटची माझ्याआधी या टेबलावर बसणाऱ्या बाईची, तिची तिनेच लिहिलेली. ती आता सर्जरी वॉर्डात आहे. रोज मला नमस्कार करते.
ऑफिसातल्या कारकुनाला विचारलं, निवृत्त मावशींची नोंद कुठे आहे? म्हणाला, कोण मावशी? अशी कुणी इथे कधीच नव्हती.

२२ मार्च
चिमणीची आई पुन्हा आली. मला न विचारता, दारावरचं ‘विसावा’ वाचून थेट त्या खोलीत शिरली. मी धावत पोचले तोवर दार लागलेलं. पाऊण तासाने बाहेर आली. कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. मी विचारलं, मुलीचं काय म्हणाल्या मावशी? तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. म्हणाली, "मला मूलबाळ नाही हो." मग विचारलं, इथे काही काम मिळेल का.

२३ मार्च
कोठीत चिमणी चादरी मोजत होती. तोंड मिटलेलं — मी बघत होते, ओठ मिटलेले होते. आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज. आईचा किस्सा, भरभर, हसत. मध्येच आईचा आवाज — "मग गं?"
मी भिंतीला कान लावला. त्या दोघीच नाहीत. आत खूप जणी आहेत. सगळ्या आपापल्या घरचं सांगताहेत.
मी चिमणीला विचारलं, ऐकू येतंय? ती म्हणाली, "बेचाळीस चादरी, ताई."

२५ मार्च
राजीनामा दिला. बाईंनी वाचला, नीट घडी घातली. म्हणाल्या, फार ओढलेल्या दिसता. पुढच्या सोमवारी नवी तुकडी येतेय, अकरा जणी. जायचं तर जा, पण मोकळ्या होऊन जा.
दारात चिमणी उभी. मागे तिची आई, पांढऱ्या गणवेशात. मागे आणखी — सगळ्याच. कुणी हात लावला नाही. नुसत्या वाट सोडत गेल्या, एकाच बाजूची —

२५ मार्च, दुपार
खोलीत. दार बाहेरून बंद. दोन खुर्च्या. समोरची रिकामी. वही एवढ्यासाठी की लिहिताना तोंड बंद राहतं. बोलायचं नाही. एक शब्द नाही.

विचारतेय. आवाज इतका मायेचा — खुर्चीत कुणी नाही —

नाही बोलणार. दात घट्ट.

ती म्हणते, बोलू नकोस, बाळा. लिहून दिलंस तरी चालेल.

मी चिठ्ठी दिली त्या पोरीला. तेच जड आहे. मीच दिली. ती रडत होती, आईकडे जायचंय म्हणत होती, तिला सगळे — काय म्हणायचे — कोण रडत