पंख की पंखा

गुरुजी, आज निलंग्याच्या शाळेत आठवीला 'पक्षाघात' हा शब्द शिकवायला घेतला आणि तास अर्धवट टाकून बाहेर आले. मुखेडला तुमच्या वर्गात याच शब्दाचा अर्थ मी 'पक्ष्याला केलेली जखम' असा लिहिला होता. तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलंत, "कोन्या पाखराला हानलंस गं? कावळ्याला का चिमनीला?" मग फळ्यावर लिहिलंत, पक्ष म्हणजे बाजू. वर्ग हसत सुटला. तुम्ही बोलून मोकळे झालात, मी मात्र दहावी होईपर्यंत 'पाखरू' होते. लई राग होता मला तुमचा.

पुढे नांदेडला डीएड करताना ग्रंथालयातल्या जाडजूड कोशात तो शब्द काढला. पक्ष म्हणजे मुळात पंख. ज्याला पक्ष आहेत तो पक्षी. पाखराला दोन बाजूंना दोन पंख, म्हणून बाजू हा अर्थ मागून आला, आणि चंद्राचे दोन पंधरवडेही. आपला 'पंख' त्याच घरातला. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. हे तुम्हाला ठणकावून सांगायचं, असं ठरवून मुखेडची एसटी धरली.

तुमच्या घरी आले तर तुम्ही खाटेवर. लकवा मारला होता, डावी बाजू गेलेली, तोंड वाकडं. कशाला आले असं झालं. मला पाहताच तुम्ही उजव्या हातानं तो लुळा हात थोपटायला लागलात. "पं...ख. पंख." लाळ गळत होती. उशाशी बसलेल्या तुमच्या घरच्या काकू म्हणाल्या, "पंखा म्हनून राह्यलेत. लाव की गं बटन." मी उठून पंखा लावला. पौषातली थंडी होती. तुम्ही जमेल तेवढी मान हलवत राहिलात, नाही, नाही. काकूंनी तुमच्या अंगावर चादर ओढली. मग तुम्ही डोळे मिटलेत.

महिन्याभरात तुम्ही गेलात. मी आले त्या दिवशी तुम्हाला उकडत होतं, असं काकू अजून सांगतात. मी त्यांनाही काही बोलले नाही, आणि हा कागदही वहीतच राहणार. गुरुजी, तुम्ही पंखच म्हणालात. मला तेव्हाच नीट ऐकू आलं होतं.