वर्दीवरचा गुलाल

आबा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नाही. बोलायचं असलं की मी भाकरी थापता थापता मनातच बोलते, कारण तुम्ही होता तेव्हाही आपलं बोलणं चुलीपाशीच व्हायचं. आज मात्र कागद घेऊन बसले आहे. मी पंचायत समितीला उभी आहे. हसू नका. जागा बायकांसाठी राखीव निघाली, बचत गटातल्या साऱ्याजणींनी माझं नाव पुढं केलं, आणि तुमचे जावई "बघ बाई, तुला झेपत आसंल तर" म्हणून मोकळे झाले. मतदान तोंडावर आलंय. संध्याकाळी शिनोलीला सभा आहे, गाडी यायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हे लिहिते.

पंधरवड्यापूर्वी प्रचाराची पोरं घरी आली. चहा झाला आणि त्यांच्यातला जरा जाणता होता तो म्हणाला, "ताई, मेजरांचा वर्दीतला फोटू द्या. फ्लेक्सवर टाकू. समोरच्याकडं गाड्या हायेत, आपल्याकडं मेजर हायेत." मी म्हटलं, अरे, मेजर नव्हते ते, ड्रायव्हर होते. तो हसला. "ताई, फौजेतनं आलेला परत्येक माणूस गावात मेजरच आसतोय की." खोटं नाही ते. एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही लष्कराची गाडी चालवलीत. पुढून जखमी उचलून आणायचे आणि मागं दवाखान्यात पोचवायचे, हे तुमचं काम. पेन्शनीवर आलात तेव्हा बाहीवर नाईकाच्या दोन फिती होत्या. एसटीतून ट्रंक उतरवली आणि गावानं तुम्हाला मेजर करून टाकलं. सुरुवातीला तुम्ही प्रत्येकाला सांगत बसायचात, "मी डायवर व्हतो, राव." मग थकलात. सरकारनं दिली नाही ती बढती गावानं पारावर बसून दिली, असं आई म्हणायची, आणि तुम्ही तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचात.

त्या बढतीनंच तुम्हाला सरपंच केलं. गावात भावकीचे दोन तट, एकाला दुसऱ्याचा माणूस चालत नव्हता, आणि इतकी वर्षं बाहेर राहिलेला फौजी कुणाच्याच तटात नव्हता. पॅनल तुमच्या नावावर उभं राहिलं. प्रचारात वर्दी घाला, म्हणून सगळे मागं लागले. तुम्ही नाही नाही म्हणत होता, पण आईच म्हणाली, "अवो, घाला की. घातल्यानं काय झिजतीय व्हय ती?" मग तुम्ही जुन्नरला जाऊन स्टुडिओत फोटो काढून घेतलात आणि देवळापुढच्या शेवटच्या सभेला वर्दीत उभे राहिलात. भाषण केलंच नाहीत. तुमची लढाई दुसऱ्यांनी सांगितली, आणि त्यांच्या लढाईत तुम्ही रणगाडे फोडले होते. मी पुढं मांडी घालून बसले होते. मला ते सगळं खरं वाटलं आणि अभिमानानं छाती फुटायची बाकी राहिली.

निकालाचा दिवस मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मतमोजणी उरकून घोडेगावहून ट्रॅक्टर येतोय, ताशा कडाडतोय, आणि ट्रॉलीत मधोमध तुम्ही वर्दीत उभे आहात, कारण पोरांनी घरून वर्दी मागवून तुम्हाला ती घालायला लावली आहे. कुणीतरी पहिली मूठ उधळतं. गुलाल तुमच्या खांद्यावर पडतो, छातीवर पडतो, घामानं भिजतो आणि खाली ओघळायला लागतो. तुम्ही हलत नाही. लोक म्हणतात, बघा, काय रुबाब आहे फौजीचा. मी ट्रॉलीच्या फळीला धरून खालून तुमच्याकडं बघते आणि मला एकदम भीती वाटते, कारण तुमचे ओठ पांढरे पडले आहेत. वेशीपाशी तुम्ही उतरता. लोकांना वाटतं, देवाला निघाले. तुम्ही तडक घरी येता, वर्दीचा सदरा काढता आणि न्हाणीतल्या दगडावर घासायला बसता. आई म्हणते, "आजच्या दिशी धुनं काढलं? द्या हिकडं." तुम्ही देत नाही. "ऱ्हाऊ दे. आसला सदरा म्या आदीबी धुतलाय." मग घासता घासता, तिला सांगत होता की दगडाला कुणास ठाऊक, "गाडीत चढवताना एक पोरगं गळ्यात पडलं व्हतं माझ्या. पानी मागत व्हतं. पोटात गोळी लागलेल्याला पानी द्यायचं न्हाई, आसा हुकूम व्हता. न्हाई दिलं म्या. पोचस्तवर गेलं ते." बाहेर ताशा वाजतच होता आणि लोक मेजरांना बोलवा म्हणून ओरडत होते.

त्यानंतर तुम्ही जो कारभार केलात, त्याचं कोडं गावाला कधी सुटलं नाही. नळयोजना आली तेव्हा पहिला नळ पाटलांच्या दारात यायचा होता, तो तुम्ही डोंगराच्या कडेच्या वाडीला नेलात. लोकांनी विचारलं, तिथं मतं किती? तुम्ही म्हणालात, "तान मतं इच्यारून लागत न्हाई." लग्नाकार्यात तुम्ही शेवटच्या पंगतीला बसायचात, कारण पलटणीत साहेब जवानांच्या मागून जेवायचा. गावात मात्र सरपंचानं पहिल्या पंगतीला बसायचं असतं, नाहीतर यजमानाचा अपमान होतो. कितीतरी घरं एवढ्याचवर रुसली. मेजरला आमचा मान नको, असं झालं. पुढच्या निवडणुकीला पुन्हा वर्दीचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "ती काय मतं मागायला दिली व्हती व्हय?" झालं. समोरच्यांनी उठवलं की वर्दी घालत नाय म्हंजे सरकारनं काढून घेतली आसंल. तुम्ही पडलात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व बघायला निघालात, आणि आईनं आठवण करून दिली की आता ते काम तुमचं नाही. तेव्हा तुम्ही उंबऱ्यावर बसलात, ते मला बघवलं नव्हतं.

म्हणून मी पोरांना फोटो दिला नाही. पण पोरं कसली ऐकतात! कुठल्याशा नातेवाइकाच्या अल्बमातून त्यांनी तो मिळवला. परवा बघते तर शिनोलीच्या फाट्यावर तुम्ही उभे. चेहरा तुमचा, खालचं अंग फौजेतल्या कुठल्याशा साहेबाचं, छातीवर पदकांची रांग आणि मागं रणगाडा. तुम्ही पोट धरून हसला असता, नाहीतर तो बोर्ड तुम्ही फाडला असता. मला नक्की सांगता येत नाही. मी तो उतरवायला लावला. पोरगा कळवळला, "ताई, लोकं थांबून हात जोडत्यात राव, आन तुमी काढा म्हंता?" आता तो फ्लेक्स आमच्या वैरणीवर पालथा घातलाय. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

काल डिंभ्याला सभा होती. मी तयारी करून गेले होते. एसटी वेळेवर येत नाही, धरण उशाला आणि वरच्या वाड्या कोरड्या, हे सगळं पाठ केलं होतं. लोक ऐकेनात. मागची माणसं उठायला लागली, बायका पोरांना हाका मारायला लागल्या. मला जिंकायचंय, आबा, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्या वाड्यांना पाणी न्यायचंय, आणि ते हरलेल्या बाईला नेता येत नाही, हे मी तुमच्यावरूनच शिकले. माझ्या तोंडातून निघालं, "मी मेजरांची लेक." उठलेली माणसं खाली बसली. एक म्हातारा मात्र उभा राहिला आणि त्यानं मला सलाम ठोकला. ड्रायव्हर हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि पुढचं भाषण रेटून नेलं.

गाडीचा हॉर्न वाजतोय. हा कागद कुठं धाडायचा नाही, कपाटात तुमच्या वर्दीच्या सदऱ्याखाली राहील. त्याच्या खांद्यावरचा डाग अजून आहे. आज शिनोलीला 'ड्रायव्हरची लेक' म्हणायचं असं सकाळपासून ठरवतेय आणि मोडतेय. कारण काल टाळ्या पडल्या, आबा, आणि त्या मला आवडल्या.